मिशीवाले काकू

माझ्या आयुष्यात काकू पुष्कळ होऊन गेल्या. वाटी घेऊन साखर मागायला येणाऱ्या, वाटी तेवढी परत करणाऱ्या, माझ्या लग्नात माझ्या आईपेक्षा जास्त रडणाऱ्या. पण मिशी असलेल्या काकू एकच, आणि त्या मला पेनसिल्व्हेनियात भेटल्या.

चूक भाषेची होती, माझी नव्हे. त्या वयात मी चुका करतच नसे. आमचे हे तेव्हा स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करत होते. लग्नाला म्हणून आले, लग्न करून परत गेले, आणि व्हिसा हातात पडल्यावर मी मागून निघाले. निघायच्या आधी हे फोनवर म्हणाले, "मी लॅबमध्ये अडकलो तर बसस्टॉपवर तुला न्यायला काकू येतील. त्यांच्याच घरात खाली राहायचंय आपल्याला. बंगाली आहेत." झालं! परदेशात उतरताक्षणी काकू मिळणार म्हटल्यावर मी हिरवा खण घेतला, हळदीकुंकवाच्या पुड्या घेतल्या, नारळ घेतला. नारळ विमानतळावरच्या अधिकाऱ्याने काढून घेतला. ओटी म्हणजे काय हे मी त्याला इंग्रजीतून समजावून सांगितलं होतं. तो प्रसंग आठवला की मला अजून घाम फुटतो.

बसमधून उतरले तर समोर एक उंच, सडसडीत, झुबकेदार मिशांचा गृहस्थ उभा. अंगात जुना कोट, पाय अनवाणी. थंडी अशी की माझे दात वाजत होते.

"मी काकू," तो म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

बंगालीत काकू म्हणजे काका. ह्यांना हे माहीत होतं, पण मला सांगावं हे सुचलं नाही, कारण हे तेव्हा प्लास्टिकच्या रेणूंखेरीज कशाचाही विचार करत नसत. खण माझ्या पर्समधून अर्धा बाहेर आला होता. "हे कुणासाठी?" काकूंनी विचारलं. आता काय सांगणार? "तुमच्यासाठी," मी म्हटलं. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. पुरुषाला खण दिलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

घरी त्यांची मुलगी होती. टुकु. शाळेत जायची, दोन वेण्या, दातांना तारा. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "हाय, माशी!" बंगालीत माशी म्हणजे मावशी, हे मला संध्याकाळी कळलं. मी तिच्या बापाला बाई केलं होतं, तिने मला माशी केलं. फिटंफाट.

काकू विद्यापीठात माती शिकवत. मातीचा प्रोफेसर असतो हेच मला मुळात माहीत नव्हतं. ते म्हणत, बूट घालून माती शिकवणं म्हणजे हातमोजे घालून पोळ्या लाटणं. म्हणून ते शक्य तिथे अनवाणी चालत. शेजारी अमेरिकन, त्यांनी आधी पोलिसांना बोलावलं, मग सूप आणून दिलं, मग नाद सोडला. बर्फ पडला की मात्र काकू मुकाट्याने बूट चढवत. "अहो, आता का?" आमचे हे विचारत. "ही माती नाही. पाणी आहे," काकू म्हणत. पत्नी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. तिच्याबद्दल ते बोलत नसत. चहा मात्र नेहमी तीन कपांचा टाकत आणि एक कप सिंकमध्ये ओतून देत.

काकूंशी माझं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि हातवारे यांतून चालायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे आम्ही दोघंही होतो त्याहून शहाणे वाटू.

आता बुढोबद्दल सांगायला हवं. मी राहायला आले त्या आठवड्यात काकू खाली आले आणि डोळे चोळत म्हणाले, "काल बुढोने झोपू दिलं नाही." दुसऱ्या दिवशी, "बुढो म्हणतो, पावसाआधी मातीला राग येतो." बुढो म्हणजे म्हातारा एवढं मी ओळखलं. म्हणजे वर काकूंचे वडील आहेत, अंथरुणाला खिळलेले, बिचारे रात्ररात्र जागवतात. माझ्या अंगात तेव्हा सूनपण नुकतंच भरलं होतं. मी मऊ भात केला, वर साजूक तूप, मेतकूट, आणि वाटी झाकून काकूंच्या हातात दिली. "बुढोंसाठी." काकूंच्या मिशा हलल्या. संध्याकाळी वाटी चाटूनपुसून परत आली. "बुढोला फार आवडला. विचारत होता, लोणचं आहे का."

मी लोणचंही दिलं. महिनाभर देत होते.

बुढो म्हणजे त्यांचे कवी. बंगालीतले फार नावाजलेले, आता हयात नसलेले. काकूंनी त्यांचं नाव कधीही घेतलं नाही. मी विचारलं, "का?" तर म्हणाले, "तू नवऱ्याचं नाव घेतेस?" मी एम. ए. झालेली, आधुनिक, आणि तरी "हे, हे" करत होते, त्यामुळे गप्प बसले. त्यांनी घेतलं नाही म्हणून मीही इथे कवीचं नाव घेत नाही. उखाण्यात घ्या म्हणालात तरी घेणार नाही. काकू त्यांना कधी भेटले नव्हते. "भेटलो असतो तर पाया पडून मोकळा झालो असतो," ते म्हणत. "भेटलो नाही, म्हणून वाचतोय." वाचायचं पुस्तक एकच, शिवण उसवलेलं. थोड्या दिवसांनी बघते तर ते माझ्या हिरव्या खणात गुंडाळलेलं. बुढोची ओटी भरली गेली होती म्हणायची.

दर मे महिन्यात, कवीच्या जन्मदिवशी, काकूंच्या मागच्या अंगणात लोक जमत. पिट्सबर्गहून बंगाली मंडळी यायची, विद्यापीठातले चारदोन जण, आम्ही. फोटो नाही. हार नाही. "हार घातला की माणूस मेला," हे काकूंचं वाक्य. समई नाही, भाषण नाही. गवतावर अनवाणी उभं राहायचं आणि बुढोचं जे पाठ असेल ते म्हणायचं. पाठ नसेल तर ऐकायचं.

हे सगळं मला आधी कळलं असतं तर मी भाषण लिहून आणलं नसतं. पण माझी एक कविता एका दिवाळी अंकात छापून आलेली होती, शेवटच्या ओळीत छपाईची चूक असलेली, आणि ती चूकच काय ती बरी होती असं आज वाटतं. तेव्हा मात्र त्या गावात साहित्यावर बोलायला माझ्याएवढं लायक कोणी नाही अशी माझी खात्री होती. भरजरी साडी, उंच टाचांच्या चपला. मी घसा साफ करून सुरुवात केली, "मानवतेच्या क्षितिजावर ज्यांच्या प्रतिभेचा सूर्य..."

"चपला," काकू म्हणाले.

मी चपला काढल्या. पेनसिल्व्हेनियातलं मे महिन्यातलं सकाळचं गवत ओलं असतं आणि विहिरीच्या तळासारखं गार. पायांतून कळ डोक्यात गेली.

"आता बोल."

मी तोंड उघडलं. पाय गार पडलेले असताना ‘क्षितिज’ हा शब्द म्हणताच येत नाही, करून बघा. टुकु फिदीफिदी हसत होती. मी कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची कविता मुकाट ऐकली.

एक कविता काकू दरवर्षी शेवटी म्हणत. अगदी साधी. एक मुलगी सकाळी माहेरून निघते. आई आत भांडी घासते आहे. मुलगी चपला घालते, कोपऱ्यातली छत्री घेते, उंबऱ्यावरून आत बघते आणि एकच शब्द बोलते. आई हात न पुसताच एका शब्दात उत्तर देते. संपली कविता. ऐकताना काहीच नाही असं वाटतं, आणि मग घरी जाऊन भाजी चिरताना एकदम सुरी थांबते.

काकू ही कविता इंग्रजीत आणत होते, टुकुसाठी. तिला बंगाली समजायचं, पण वाचता येत नव्हतं, आणि बोलायची ती लाज वाटून. सगळी कविता झाली होती. तेवढा एक शब्द अडला होता. इंग्रजीत म्हणताना त्या जागी आले की काकू थांबत, मूळ बंगाली शब्द म्हणत आणि मग पुढे जात. अंगणातल्या सगळ्यांना ती थांबायची जागा ठाऊक झाली होती.

मला मात्र तो शब्द कळला तो चहामुळे. आम्ही नवे होतो तेव्हाच कधीतरी मी वर चहाला गेले होते. कप विसळला, पदर सावरला आणि सवयीने म्हटलं, "येते हं, काकू."

"काय म्हणालीस?"

"येते."

"म्हणजे?"

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "आय कम."

"पण तू जाते आहेस."

"हो. जाते आहे म्हणूनच येते म्हणायचं. ‘जाते’ म्हणू नये. अशुभ असतं."

काकूंनी कप ठेवला. तो कप टेबलाच्या अगदी कडेला होता, आणि मी मनात म्हणत होते की आता पडणार.

"आणि घरातले उत्तर काय देतात?"

"‘ये’ म्हणतात. दुसरं काय म्हणणार?"

काकू उठले आणि अनवाणी तसेच अंगणात गेले. बराच वेळ तिथे उभे होते. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. परत आले तेव्हा डोळे लाल. "आम्ही म्हणतो ‘आशि’," ते म्हणाले. "येते. आणि आई म्हणते ‘एशो’. ये. तोच शब्द आहे, बौमा." बौमा म्हणजे सूनबाई. "इंग्रजीत नाहीये. सगळीकडे शोधला."

खरंच शोधला होता. ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं होतं, पोस्टमनला विचारलं होतं. पोस्टमन म्हणाला, "सी या." काकू म्हणाले, यात बघणं आहे, येणं नाही. "बी राइट बॅक" हे दूध आणायला जाणाऱ्याचं. "गुडबाय"ला तर ते हातच लावत नसत. आणि "आय अ‍ॅम गोइंग"? त्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "‘गोइंग’ला उत्तर काय देणार? ‘ओके’. एवढंच उरतं. टुकुच्या आईच्या शेवटच्या ‘गोइंग’ला मी ‘ओके’ म्हणालो होतो." एवढंच बोलले. त्या दिवसापासून घरातून बाहेर पडताना मी जिन्याखालून ओरडायचे, "येते, काकू!" आणि वरून उत्तर यायचं, "एशो!" कपडे वाळत घालायला निघाले तरी.

टुकु मोठी झाली. इंजिनियर झाली, पार पश्चिम किनाऱ्यावर सांता क्लाराला नोकरी लागली. आम्हीही तोवर ह्यांच्या नोकरीपायी दूर दक्षिणेकडे मॉरिसव्हिलला आलो होतो, पण मे महिन्यातला तो दिवस चुकवत नव्हतो. एका वर्षी टुकु मुद्दाम त्या दिवसाला आली. काकूंचा आनंद मिशीत मावत नव्हता. शेवटची कविता टुकुने म्हणायची असं ठरलं. तिच्यासाठीच तर केली होती.

ती छान म्हणत होती. आवाज आईचा, असं पिट्सबर्गच्या बायका कुजबुजल्या. थांबायची जागा आली. टुकु थांबली नाही. सरळ म्हणाली, "‘आय अ‍ॅम गोइंग,’ शी सेड."

"नाही," काकू म्हणाले. "तिथे ते नाही."

"बाबा, प्लीज. लोक ऐकताहेत. इट्स जस्ट अ वर्ड."

"घरातला शब्द आहे तो! तुला घरातला शब्द कळत नाही?"

सगळ्यांसमोर. टुकुच्या चेहऱ्यावरून रंग उतरला. ती इंग्रजीत बोलली, हळू, म्हणून जास्तच ऐकू गेलं. "एका मेलेल्या माणसाच्या एका शब्दासाठी तुमच्याकडे आयुष्यभर वेळ आहे. आई गेली तेव्हा मी या घरात होते, बाबा. माझ्याशी कोण बोललं?"

आत जाऊन ती बॅग घेऊन आली. पुढच्या दाराशी बूट घातले. काकू तिच्यामागे धावत गेले होते. आम्ही अंगणातून घराला वळसा घालून पुढे आलो होतो आणि बघत होतो, अनवाणी, मूर्खासारखे.

"आय अ‍ॅम गोइंग, बाबा."

काकूंनी तोंड उघडलं. मिटलं. गाडी वळून गेली तरी ते पायरीवर तोंड थोडं उघडं ठेवून उभे होते. नंतर मला म्हणाले, "बौमा, तिने मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही."

तसं पुढे काही तुटलं नाही. रविवारी फोन यायचा. हवा, औषधं, छपराची गळती. वर्षादोन वर्षांनी टुकु येऊन जायची, हॉटेलात उतरायची, मे महिना सोडून. निघताना, "ओके बाबा, बाय." काकू पायरीवर उभे. बाप-लेक एकमेकांशी इतकं चांगलं वागायचे की बघवत नसे. मी एकदा टुकुला फोनवर म्हटलं, "अगं, एकदा त्यांना ‘आशि’ म्हण आणि टाक सोडून. तुझं काय जातं?" ती म्हणाली, "माशी, माझ्या तोंडात तो शब्द खोटा वाटतो." खोटं बोलणारी मुलगी नव्हती ती.

आणि गंमत अशी की ती तिकडे काम करत होती ते भाषांतराच्या सॉफ्टवेअरवर. फोनमध्ये एका भाषेत बोलायचं, दुसरीत ऐकू येतं, ते. काकूंना हे सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "मग तिला कळेल."

काकू थकले. येणारे कमी होत गेले, कोणी फ्लोरिडाला गेलं, कोणी वर गेलं. अंगणात आम्ही चारपाच जण. कविता तशीच, थांबायची जागा तशीच. मी फोन ठेवताना म्हणायचे, "येते, काकू." ते म्हणायचे, "एशो." फोनवरून कोण येतं आणि कोण जातं? तरी म्हणायचो.

गेल्या वर्षी वसंतात टुकुचा फोन आला. "माशी, बाबांना स्ट्रोक आला. बाबांचं इंग्लिश गेलं." डॉक्टरांच्या हातात आता फारसं काही नव्हतं, म्हणून त्यांना घरी आणलं होतं.

माझा मुलगा म्हणाला, "आई, अगं वीकेंडला मी ड्राइव्ह करतो ना. आत्ता सगळ्या मीटिंग्ज कशा कॅन्सल करू?" मी म्हटलं, करू नकोस, विमानाचं तिकीट काढ. नात दारात उभी. "आजी, कोण आजारी आहे?"

"माझे काकू."

"इज शी व्हेरी ओल्ड?"

"शी नाही गं. ही, इंग्रजीतला. मिशी आहे त्यांना."

"आजी, काकूज डोन्ट हॅव मिशी," ती म्हणाली. मीही एकदा बसस्टॉपवर एवढीच शहाणी होते.

काकूंचा पलंग बैठकीच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी लावला होता. मिशी पांढरी, विरळ. उशाशी पुस्तक, हिरव्या खणात. खणाचा हिरवा कधीच उडाला होता, काठ तेवढा जांभळा उरला होता. टुकुचे केसही पिकलेले. एक गोरी मदतनीस बाई होती, सगळ्यांना "हनी" म्हणणारी, हात हलके असलेली.

मला बघून काकू म्हणाले, "एशो."

"आले," मी म्हटलं आणि हात धरला.

टुकुने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. "माशी, आय कान्ट डू धिस. इंग्लिशमागून बंगालीही गेलं. त्यांच्याकडे आता हा एकच शब्द उरलाय. दिवसभर तेवढंच. माझ्याकडे बघतात आणि म्हणतात एशो. कम. मी जाते, जवळ बसते, हात धरते, म्हणते, आय अ‍ॅम हिअर, बाबा. मान हलवतात, नाही नाही करतात, तोंड फिरवतात. आणि परत, एशो. मी आणखी किती जवळ जाऊ?" तिने फोन दाखवला. "मी हे बनवते, माशी. धिस इज माय जॉब. हा सुद्धा ‘कम’च म्हणतो."

मी चहा टाकत होते. तीन कप. हात आपोआप थांबला.

"टुकु," मी म्हटलं, "ते बोलावत नाहीयेत गं तुला."

"मग?"

"उत्तर देताहेत."

मला वाटलं, आता पुढचं समजावून सांगावं लागेल, कविता, पायरी, बॅग. काही सांगावं लागलं नाही. ती ओट्याला टेकली आणि खाली फरशीवर बसली, शाळेतून आल्यावर बसायची तशी. चहा उतू गेला. मी पुसला.

दुसरा दिवस कवीच्या जन्मदिवसाचा. आलं कोणीच नाही. बोलावलंच नव्हतं. पाऊस भुरभुरत होता. मी खिडकीबाहेर गवतावर अनवाणी उभी राहून दोन ओळी म्हटल्या, माझ्या बंगालीला काकू मिशीत हसले असं मला वाटलं. गुडघे म्हणाले पुरे, म्हणून आत आले.

औषधाच्या दुकानातून काहीतरी आणायचं होतं. टुकु उठली. दाराशी जाऊन बूट घातले. कोपऱ्यातली छत्री घेतली. आणि हात दाराच्या मुठीवर ठेवून मागे वळून पलंगाकडे पाहिलं.

मी बशी पुसत होते. ती तशीच हातात राहिली.

टुकुचे ओठ हलले. बंगाली शब्द आला नाही. मी बघत होते, तिने प्रयत्न केला, आणि तो आला नाही. मग ती तिच्या स्वतःच्या भाषेत म्हणाली, जी तिची खरी भाषा होती,

"आय अ‍ॅम कमिंग, बाबा."

"यू मीन गोइंग, हनी," मदतनीस बाई प्रेमाने म्हणाली.

काकूंनी मान वळवली. लेकीकडे बघितलं. आवाज अगदी स्पष्ट आला.

"एशो."

टुकु गेली. अर्ध्या तासात औषध घेऊन परतही आली, छत्री झटकत. काकू त्यानंतर आणखी थोडे दिवस होते. पाणी मागायचे खुणेने, टुकुचा हात धरायचे. तो शब्द मात्र पुन्हा बोलले नाहीत. गरज उरली नव्हती.

मी मॉरिसव्हिलला परत आले त्याच आठवड्यात कळलं. पुण्याला बहिणीला फोन केला. "अगं, काकू गेले."

"कुठल्या काकू गेल्या?"

"गेल्या नाही गं, गेले. आमचे स्टेट कॉलेजचे."

"काकू ना? मग गेल्या म्हण की."

इतक्या वर्षांनी मला पुन्हा तेच समजावत बसावं लागलं, आणि समजावता समजावता मी हसायला लागले, आणि मग हसणं मला थांबवता येईना. बहीण पलीकडून "अगं रडू नकोस, रडू नकोस" म्हणत होती. गेले काय आणि गेल्या काय, मला ते क्रियापदच पटत नव्हतं.

यंदा मे महिन्यात टुकुने सांता क्लाराला बोलावलं. तिच्या मागच्या अंगणात प्लास्टिकचं गवत आहे, तिकडे पाण्याची टंचाई म्हणून सगळेच घालतात. तिने मधला एक चौकोन कापून काढला होता आणि खालची माती पाणी मारून ओली केली होती. फोटो नाही, हार नाही. तिच्या ऑफिसातली काही तरुण मुलं आली होती, दोन बंगाली, एक नागपूरचा, एक चिनी मुलगी. सगळ्यांनी तक्रार करत बूट काढले. नागपूरवाला मला म्हणाला, "मावशी, हे कम्पल्सरी आहे का यार?" मी म्हटलं, "चपला." त्याने मुकाट काढल्या.

शेवटी टुकु चौकोनात उभी राहिली. तिने विटका खण सोडला, पुस्तक उघडलं नाही, नुसतं हातात धरलं. मुलगी सकाळी माहेरून निघाली. आई भांडी घासत होती. चपला, छत्री, उंबरा. ती जागा आली आणि मी सवयीने श्वास धरला.

टुकु थांबली नाही.

"‘आय अ‍ॅम कमिंग,’ शी सेड."

नागपूरवाल्याने भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं, इंग्रजी चुकलं ना, अशा अर्थाने. मग त्याच्या भुवया हळूहळू खाली आल्या. तो घरून निघाला होता तेव्हा दारात काय म्हणाला होता, ते त्याला आठवलं असावं. त्याने खाली, चिखलातल्या आपल्या पायांकडे पाहिलं.

मी अजून श्वास धरून होते. आईचं उत्तर यायचं होतं.